यकृताच्या कर्करोगात जिवाणूंची औषधं: कोणतं कुणाच्या कामाचं?

घरात यकृताच्या कर्करोगाचं निदान झालं की आठवड्याभरात कुणीतरी म्हणतंच, "केमो नको, काहीतरी नैसर्गिक बघा." पण टेस (गाठीच्या धमनीत औषध सोडून ती धमनी बुजवण्याचा उपचार) करताना गाठीत सोडतात ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, मुळात नैसर्गिकच आहे. इटलीतल्या कॅस्टेल डेल माँटे किल्ल्याजवळच्या मातीत एक स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू सापडला आणि पुढे त्याच्याच बदललेल्या वाणातून हे औषध निघालं. पहिल्या पावसात मातीला वास येतो तो याच कुळामुळे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध ज्या जिवाणूपासून काढलं, तोही यांचाच भाऊबंद; नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तेव्हा नैसर्गिक की रासायनिक हा वाद सोडून द्या. औषध गाठीपर्यंत कोणत्या वाटेनं जातं आणि माणसांवर काय दिसलं, एवढंच बघू.

डॉक्सोरुबिसिनच्या बाबतीत तर सगळा खेळ या वाटेचाच आहे. १९८८ साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी ते शिरेतून देऊन पाहिलं. औषध घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट याहून कमी जगले, निम्मे जास्त) १०.६ आठवडे, न घेतलेल्यांचं ७.५. या तीन आठवड्यांची किंमत भयंकर होती: रक्तातला जंतुसंसर्ग आणि हृदयावरचा परिणाम यांमुळे चौथा हिस्सा पेशंट दगावले. मग तेच औषध जांघेतून नळी घालून थेट गाठीच्या धमनीत सोडायचं आणि मागून ती धमनीच बुजवायची, ही पद्धत रुळली. हीच टेस. यकृताला निम्म्याहून जास्त रक्त दुसऱ्या, म्हणजे पोर्टल शिरेतून मिळतं आणि गाठ मात्र मुख्यतः धमनीवर जगते, म्हणून हे जमतं. २००२ च्या बार्सिलोनातल्या चाचणीत दोन वर्षांनी टेस केलेले ६३ टक्के पेशंट हयात होते, फक्त लक्षणांवर उपचार घेतलेले २७ टक्के. पण त्याच चाचणीत औषधाशिवाय नुसती धमनी बुजवलेल्यांपैकीही ५० टक्के होते. म्हणजे श्रेय जिवाणूचं किती आणि धमनी बुजवण्याचं किती, हे मला तरी अजून अनुत्तरितच वाटतं. टेसनंतर ताप, पोटदुखी, मळमळ काही दिवस राहते. कावीळ वाढलेली असेल, पोटात पाणी असेल किंवा पोर्टल शिरेच्या मुख्य फांदीतच गाठ शिरली असेल, तर डॉक्टर बहुधा टेस करत नाहीत.

दुसरं औषध सिरोलिमस. १९६४ साली कॅनडाच्या पथकानं ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतून सुरेंद्रनाथ सहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माँट्रियलमध्ये ते वेगळं केलं. ही रोजची गोळी, पण गाठ विरघळवण्यासाठी नव्हे. प्रत्यारोपण झाल्यावर शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणून ती देतात आणि तिच्यामुळे कर्करोग उलटायचाही टळेल, अशी आशा असते. आशा रास्त होती. ५२५ पेशंटांच्या मोठ्या चाचणीत तिसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत, विशेषतः कमी जोखमीच्या पेशंटांमध्ये फायदा दिसला, पाच वर्षांपुढे तो टिकला नाही. प्रत्यारोपणानंतर लगेच दिल्यास यकृताच्या धमनीत गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवात काही आठवड्यांनी होते. तोंड येणं, जखम उशिरा भरणं हे सोबत आलंच. हिचंच भावंड एव्हरोलिमस. सोराफेनिब ही यकृताच्या कर्करोगावरची गोळी निष्प्रभ ठरलेल्या पेशंटांना ते देऊन पाहिलं, तेव्हा आयुष्य औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा वाढलं नाही.

मग आजार यकृताबाहेर पसरला असेल तर? तिथे जिवाणूंकडे आज काही नाही. तिथे इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढवणारे उपचार) किंवा सोराफेनिबसारख्या गोळ्यांबद्दल विचारा. सोराफेनिबला डॉक्सोरुबिसिनची जोड देऊन झाली आहे. त्रास वाढला, आयुष्य नाही.

राहिलं ते इंटरनेटवर फिरणारं: प्रोडिजिओसिन, सॅलिनोमायसिन वगैरे जिवाणूंपासूनचे पदार्थ. 'कर्करोगाच्या पेशी मेल्या' हे प्रयोगशाळेत खरंच घडतं. या पेशी पुष्कळदा हेपजीटू नावाच्या असतात. त्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या गाठीतून वाढवलेल्या. पुढे तपासलं तर ती गाठ मोठ्या माणसांना होणाऱ्या यकृताच्या कर्करोगाची नव्हतीच, ती हेपॅटोब्लास्टोमा म्हणजे लहान मुलांमध्ये आढळणारी निघाली. तेव्हा अशा बातमीवरून तुमच्या पेशंटचं काही ठरवू नका आणि अशा नावानं कुणी बाटली विकत असेल तर घेऊ नका. यकृत आधीच दुबळं असताना ही जोखीम फार मोठी आहे. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन नावाचं विष मिसळलं गेलं आणि ५० च्या आसपास माणसं यकृत निकामी होऊन गेली. तेही जिवाणूंनीच बनवलेलं, शंभर टक्के नैसर्गिक.