अभ्यंग की थाई मसाज: आखडलेल्या पाठीसाठी

पाठ आखडलीय, मालिश करून घ्यायचीय, पण अभ्यंग-स्वेदन (आयुर्वेदातली तेलमालिश आणि मग वाफ) घ्यावं की थाई मसाज, यावर अडलात? मी दोन्हीकडे बऱ्यापैकी पैसे घालवलेत, म्हणून लिहितो.

अभ्यंगाचं सुख वेगळंच. कोमट महानारायण तेल, दोन बाजूंनी एका लयीत फिरणारे हात, मग वाफेची पेटी. त्या रात्रीसारखी झोप मला थाई मसाजनंतर कधी लागली नाही. थंडीत त्वचा तडतडत असेल, किंवा घरातल्या आजी-आजोबांसाठी विचारत असाल, तर पुढचं वाचूही नका. तेलच लावा.

माझं घोडं अडलं ते मात्र त्या तेलापाशीच. उटणं लावून गरम पाण्याने अंघोळ केली तरी कानामागे, केसांच्या मुळाशी ते राहतंच. वर बजावतात, ‘आज वारा लागू देऊ नका.’ आणि मी दुचाकीवर! शर्टाची कॉलर एकवेळ धुऊन निघते. हेल्मेटच्या अस्तरात मुरलेला तो काढ्यासारखा वास काही केल्या जात नाही. म्हणजे अभ्यंगासाठी अख्खी सुट्टी मोडायची, आणि पाठ तर आखडते ऐन कामाच्या आठवड्यात. मी तेल आता दिवाळीपुरतं ठेवलंय.

थाईत ही भानगडच नाही. सैल सुती कपडे घालून जमिनीवरच्या गादीवर आडवं व्हायचं. अंगठे, कोपर, गुडघे, प्रसंगी पावलांनीही दाबतात आणि तुमचेच हातपाय धरून ताण देतात. बँकॉकच्या वाट फो मंदिरात या विद्येच्या आकृत्या शिळांवर कोरलेल्या आहेत. तिथली परंपरा बुद्धाचा वैद्य जीवक याला आद्य गुरू मानते, तेव्हा हे अगदीच परकं नाही. २०१९ मध्ये युनेस्कोने ‘नुआड थाई’ला, म्हणजे याच थाई मसाजला, अमूर्त वारशाच्या यादीतही घेतलं. माझ्यापुरतं म्हणाल तर खांद्याच्या फऱ्यांमधल्या गाठीवर तेलाचा हात घसरून जायचा, कोरडा अंगठा तिथेच ठाण मांडतो. खुर्चीत बसून वाकलेल्या पाठीला तेच हवं असावं.

अर्थात सगळीकडे हात चांगला मिळेलच असं नाही. काही ठिकाणी ठरलेला क्रम नुसता उरकतात. दाब सोसत नसेल तर तिथल्या तिथे सांगा. मणक्याची गादी सरकलेली असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टर. आणि जेवून लगेच जाऊ नका. गुडघे पोटाशी दाबतात तेव्हा पुरणपोळी फार आठवते.