‘यस्टरडे’: पांढरी चार की पांढरी दोन?
सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आणि त्यात इंग्लिश बँड बीटल्सचं १९६५चं ‘यस्टरडे’ असलं, की पट्टीवरून, म्हणजे कोणता सूर ‘सा’ धरून गायचं यावरून, वाद ठरलेलाच. मूळ गाणं एफ मेजरमध्ये, म्हणजे पांढरी चार (पेटीची चौथी पांढरी पट्टी). लय मिनिटाला साधारण ९७ ठोके. पट्टी मेजर, म्हणजे उजळ, तरी तिसऱ्याच बारला (तालाच्या आवर्तनाला) डी मायनर ही उदास कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येते आणि गाण्याचा चेहरा पडतो. सगळी गंमत तिथेच.

त्याहून खालच्या पांढरी दोनमध्ये भरदार गळ्याला वरचे सूर सोपे जातात, खालचे मात्र पुटपुटल्यासारखे वाटतात. त्यात आमचे वादक लय ८०वर आणतात. दोन मिनिटांच्या गाण्याचं भजन होतं! (भजनाची आवड सोलापूरला आहेच म्हणा.)

आवाज फाटत नसेल तर पांढरी चारच घ्या. फाटत असेल तर पट्टी उतरवा, लयीला हात लावू नका.