अँकीची बोलती कार्डे: नीट पीजीच्या उजळणीला कितपत कामाची?

अँकी हे फुकट, ओपन सोर्स फ्लॅशकार्ड सॉफ्टवेअर, उत्तर आठवले की विसरले यावरून कार्ड पुन्हा कधी दाखवायचे ते ठरवणारे, २००६ पासून आहे, आणि मेडिकलच्या मुलांना त्याची नव्याने ओळख करून द्यायला नको. हे परीक्षण आहे त्याच्या बोलत्या रूपाचे, तेही नीट पीजी या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या उजळणीसाठी. संगणकावर हायपरटीटीएस हे मजकूर वाचून दाखवणारे अॅड-ऑन वापरून कार्डांना आवाज द्यायचा, सिंक करायचे आणि अँड्रॉइड फोनवर अँकीड्रॉइड या अॅपमध्ये ऐकत उजळणी करायची. मडगावहून बसने बांबोळीला येणाऱ्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इंटर्नला किंवा वाळपईच्या पोस्टिंगवर जाणाऱ्याला ही सोय हवीहवीशी वाटणारच. आमचे मत आधीच सांगतो: डोस, रोगाचा वाहक, अँटिडोट (उतारा), कट-ऑफ अशा सुट्या तथ्यांसाठी सोय उत्तम आहे, मात्र मित्राकडून आलेला वीस-तीस हजार कार्डांचा डेक (संच) जसाच्या तसा बोलका केलात तर कानात नुसता गोंगाट होतो.

याचे कारण असे की डेकमधली कार्डे डोळ्यांसाठी लिहिलेली असतात. एक्लॅम्प्सियातील (गरोदरपणात येणाऱ्या झटक्यांवरील) प्रिचर्ड रेजिमेन या औषधयोजनेचे कार्ड घ्या. वाचताना नजर एका झेपेत सगळे टिपते: ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून २० टक्के द्रावणात, ५-५ ग्रॅम दोन्ही नितंबांत ५० टक्के, मग दर ४ तासांनी ५ ग्रॅम. तेच एका दमात ऐकले की तिसऱ्या आकड्यापर्यंत पहिला विसरलेला असतो, आणि चुकले नेमके काय हेही कळत नाही. त्याची चार कार्डे करा: शिरेतला लोडिंग डोस किती, स्नायूतला किती आणि कुठे, मेंटेनन्स किती आणि किती तासांनी, अँटिडोट कोणता. पुढचा डोस देण्यापूर्वी काय तपासायचे (गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वसनाचा वेग, लघवीचे प्रमाण) याचे पाचवे. प्रश्न एका श्वासात संपावा आणि उत्तर चार-पाच शब्दांचे असावे, यापेक्षा मोठा नियम नाही. ‘गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडताप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा वाहक कोण?’ ‘हार्ड टिक, हीमॅफिसॅलिस स्पिनिजेरा.’ हे कानाचे कार्ड.

क्लोझ प्रकारची, म्हणजे गाळलेली जागा भरायची कार्डे यातून वगळा. त्यांत प्रश्न आणि उत्तर एकाच मजकुरात असतात, त्यामुळे त्या मजकुराची ध्वनिफीत केली की प्रश्नाबरोबर उत्तरही वाचले जाते. बोलत्या डेकसाठी साधा बेसिक नोट टाइप (कार्डाचा साचा) घ्या आणि त्यात चार फील्ड (रकाने) ठेवा: प्रश्न, उत्तर आणि दोन्हींच्या आवाजासाठी वेगळी दोन. आवाज मूळ मजकुराच्याच फील्डमध्ये टाकला तर पुढे दुरुस्त्या करताना गुंता होतो. कार्ड बदलले की आवाज पुन्हा तयार करावा लागतो, तो आपोआप बदलत नाही. जुन्या फायली मात्र तशाच पडून राहतात. त्या ‘चेक मीडिया’ चालवून काढायच्या. जागेचा हिशोब सोपा आहे: ६४ केबीपीएसची एमपी३ सेकंदाला ८ केबी घेते, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच सेकंद धरले तर हजार कार्डांना ८० एमबीच्या आसपास. अॅड-ऑनशिवायही टेम्प्लेटमध्ये टीटीएस (मजकूर वाचून दाखवण्याचा) टॅग टाकून फोनच्या आवाजात कार्ड वाचून घेता येते. पण तो आवाज फोनवर अवलंबून असतो. व्हॉइस डेटा उतरवून घेतलेला नसेल तर रेंज गेली की कार्ड मुके. पावसाळ्यात घाटमाथ्याकडच्या गावांत राहणाऱ्यांनी एमपी३च करावी.

यंत्राचे उच्चार हा दुसरा मोठा घोळ. एमजी पर डीएल, बाण, ‘पेक्षा जास्त’चे चिन्ह, गुणसूत्रांच्या ट्रान्सलोकेशनमधले अर्धविराम, रोमन आकडे यांचे वाचन काहीच्या बाही होते. ‘टाइप फोर’ हायपरसेन्सिटिव्हिटी ‘टाइप आयव्ही’ होते, आणि क्रेनियल नर्व्हचा चौथा आकडा शिरेतल्या इंजेक्शनसारखा ऐकू येतो. हायपरटीटीएसमध्ये शब्द बदलण्याचे नियम लिहिता येतात. तिथे चिन्हांऐवजी पूर्ण शब्द एकदाच भरून ठेवा. आवाज भारतीय इंग्रजीचा निवडा. आणि हजार कार्डांवर चालवण्याआधी वीसांवर चालवून ऐका, नाहीतर सगळे पुन्हा करावे लागते.

खाजगी बसमध्ये गाणी चालू, कंडक्टर ‘फुडें वच’ (पुढे जा) म्हणून ओरडतोय, अशा वेळी हायपो आणि हायपर यांतला फरक इअरफोनमध्येही निसटतो. म्हणून ध्वनीच्या मजकुरात ‘हायपोकॅलेमिया’ न लिहिता ‘लो पोटॅशियम’ लिहावे. फिफ्टीन आणि फिफ्टी यांचीही तीच गत. तिथे ‘वन फाइव्ह’ लिहा. अॅड्रिनलिनच्या एकास हजार आणि एकास दहा हजार या द्रावणांत तर अशी गफलत परवडतच नाही, तिथे मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम हेच बोलू द्या. स्कूटर चालवताना कार्डे ऐकू नयेत, हे वेगळे सांगायला नको. मन खरेच उत्तर आठवत असेल तर रस्त्यावर नसते.

हात मोकळे ठेवण्यासाठी, कार्डे आपोआप पुढे सरकवणारे ‘ऑटो अॅडव्हान्स’ आहे. त्यात ‘वेट फॉर ऑडिओ’ चालू ठेवा आणि प्रश्नानंतर सहा-सात सेकंद शांतता मिळेल असे बघा. उत्तर आठवायचे कष्ट त्या शांततेतच होतात, ती कापली तर उरते फक्त श्रवणभक्ती. उत्तरानंतर काय व्हावे, यासाठी ‘बरी’ (इंग्रजी bury, कार्ड आजपुरते बाजूला ठेवणे) निवडा. ‘गुड’ (आठवले) निवडलेत आणि आगशीच्या पुढे डोळा लागला, तर न ऐकलेली कार्डे पाठ झाली असे समजून यंत्र त्यांना लांबच्या तारखा देत सुटते. ‘बरी’मध्ये ती दुसऱ्या दिवशी परत येतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे अँकीड्रॉइडच्या कंट्रोल्समध्ये आवाजाच्या दोन बटणांना ‘अगेन’ (विसरलो) आणि ‘गुड’ नेमून देणे. स्क्रीन चालू ठेवावी लागते, तेव्हा खिशात चुकून कार्डे उडू नयेत म्हणून स्पर्शाचे जेश्चर बंद करा.

एफएसआरएस, म्हणजे पुढची तारीख ठरवणारे अँकीतले नवे गणित, वापरत असाल तर विसरलेल्या कार्डाला ‘हार्ड’ देऊ नका, ‘अगेन’च द्या. डिझायर्ड रिटेन्शन (किती टक्के कार्डे आठवावीत हे लक्ष्य) मुळातल्या ९० टक्क्यांवरच बरे.

नीट पीजीच्या २०० प्रश्नांत एक्स-रे, ईसीजी, त्वचेचे व्रण यांची चित्रे असतात, आणि लांबलचक केसवरचे प्रश्न वेगळेच. त्यांची तयारी कानाने होत नाही. ती टेबलाशी बसून, क्वेश्चन बँकेतूनच. बोलत्या डेकमध्ये तीनशे ते पाचशे कार्डे पुरे, तीही क्वेश्चन बँकेत वारंवार चुकणाऱ्या गोष्टींची.

खर्च: संगणकावरचे अँकी आणि अँकीड्रॉइड फुकट. आयफोनचे अधिकृत अँकीमोबाइल विकत घ्यावे लागते, अमेरिकेत त्याची किंमत एकदाच २४.९९ डॉलर. हायपरटीटीएसमधले साधे आवाज फुकट चालतात, उंची आवाजांना पैसे पडतात. अॅप स्टोअरवर ‘अँकी’ नाव लावलेली, मूळ प्रकल्पाशी संबंध नसलेली वर्गणीवाली अॅपेही आहेत. उतरवण्यापूर्वी नाव नीट वाचा.