९९७.१ की ९९७.२: वापरलेली ९११ घेताना कुठे झुकावं

वर्षानुवर्षं मनात घर करून बसलेली पोर्शे ९११ अखेर घ्यायची, वापरलेली का होईना, असं ठरलं की शोध बऱ्याचदा तिच्या ९९७ या पिढीपाशी येऊन थांबतो. आधीच्या ९९६ चे पसरट दिवे जाऊन गोल दिवे परत आलेले असतात, आतलं काम आधीपेक्षा नीटस झालेलं असतं, आणि पुढच्या ९९१ मध्ये इलेक्ट्रिक झालेलं स्टिअरिंग इथे अजून हायड्रॉलिक असतं. रस्त्याचा बारीकसा खडबडीतपणासुद्धा तळहाताला कळतो. इथपर्यंत फारसं दुमत नसतं. खरी अडचण पुढे आहे: २००४ मध्ये आलेली पहिली ९९७ घ्यायची, की २००८ च्या मध्यापासूनची सुधारलेली? पहिलीला सगळे ९९७.१ म्हणतात, दुसरीला ९९७.२.

मी ९९७.२ निवडली, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना ते लक्षात ठेवावं. ९९७.१ वाईट गाडी आहे असं मात्र मुळीच म्हणायचं नाही. हे सगळं साध्या कॅरेरा आणि कॅरेरा एस बद्दल आहे. ९९७.१ च्या टर्बोमध्ये आणि जीटी३ मध्ये वेगळ्या घराण्याचं इंजिन होतं, त्यांचं गणित वेगळं.

बाहेरून दोघींत फरक करायला मागचे एलईडी दिवे आणि पुढचा बंपर बघावा लागतो. महत्त्वाचा फरक मागच्या झाकणाखाली आहे. ९९७.१ चं इंजिन ९९६ च्याच घराण्यातलं, कॅरेरात ३.६ आणि एसमध्ये ३.८ लिटर, ३२५ आणि ३५५ अश्वशक्ती. ९९७.२ मध्ये इंजिन मुळापासून नवं आलं: डायरेक्ट इंजेक्शन, ३४५ आणि ३८५ अश्वशक्ती, आणि क्रँकशाफ्टची फिरकी कॅमशाफ्टच्या चेनपर्यंत नेणारा मधला इंटरमीडिएट शाफ्टच काढून टाकलेला. त्या शाफ्टचं (आयएमएसचं) बेअरिंग तुटून इंजिन जाईल, अशी धास्ती घेऊन लोक पहिल्या ९९७ पासून दूर पळतात. माझ्या मते ही धास्ती थोडी चुकीच्या जागी आहे. सुरुवातीच्या ९९७.१ मध्ये अजून जुनं, लहान बेअरिंग सापडतं. क्लचचं काम निघालं की तेवढ्यात ते बदलता येतं. साधारण २००६ पासूनचं बेअरिंग मोठं आहे आणि बरंच टिकाऊ. मात्र इंजिन दोन भागांत उघडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. अशा गाडीचा क्लच बदलताना बेअरिंगची बाहेरची सील काढून टाकतात, म्हणजे इंजिनचंच ऑइल आत पोहोचतं. एवढं झालेलं असेल आणि ऑइल फिल्टरमध्ये धातूची चमक दिसत नसेल, तर आयएमएससाठी झोप घालवायची गरज नाही.

झोप घालवणारी गोष्ट दुसरी आहे: सिलिंडरच्या भिंतीवर पडणारे चरे.

९९७.१ च्या सिलिंडरची आतली भिंत लोकासिलची आहे. ब्लॉक ओतताना सिलिकॉन असलेला साचा फक्त त्या भिंतीपुरता बसवतात. पिस्टनच्या बाजूंवर पातळ लेप असतो. तो झिजला की पिस्टनचं अॅल्युमिनियम थेट भिंतीवर घासतं, सिलिकॉनचे कण सुटतात, आणि तेच कण पुढची भिंत खरवडत जातात. एकदा सुरू झालं की हे आपोआप थांबत नाही. बहुतेक वेळा सुरुवात सहाव्या सिलिंडरपासून होते. ३.८ मध्ये हे ३.६ पेक्षा जास्त दिसतं. थंड इंजिनावर छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या, किंवा गाडी नुसती उभी करून ‘गरम’ करत ठेवली, की जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. झीज तिथूनच वाढते. हौसेने कमी चालवलेली, कमी किलोमीटरची गाडी म्हणूनच दरवेळी चांगली निघत नाही. रोज लांब अंतर धावलेली, जास्त किलोमीटर झालेली गाडी पुष्कळदा आतून स्वच्छ असते.

तपासणी अशी करावी. गाडी रात्रभर बंद असू द्या. विकणाऱ्याला तसं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. सकाळी गेल्यावर मागच्या बोनेटला हात लावून इंजिन खरंच थंड आहे ना, ते बघा. सुरू केल्यावर क्षणभर निळसर धूर आला तर घाबरू नये, आडव्या सिलिंडरांच्या इंजिनात तेवढं चालतं. पहिल्या मिनिटाची बारीक टिकटिकही चालते. ऑइलच्या तापमानाचा काटा वर येईपर्यंत वीसेक मिनिटं गाडी चालवा, मग ती उभी करून पुन्हा कान द्या. गरम झाल्यावरही टिकटिक राहिली किंवा वाढली, तर ते चांगलं लक्षण नाही. मग पांढरं फडकं बोटाला गुंडाळून दोन्ही बाजूंच्या टेलपाइपमध्ये आतून फिरवा. दोन्हीकडे सारखीच कोरडी करडी काजळी असली तर ठीक. एका बाजूचं फडकं काळं, ओलसर, तेलकट निघालं आणि दुसरीकडचं नाही, तर एका बाजूच्या सिलिंडरांत ऑइल जळतंय.

एवढ्यावर समाधान मानू नये. बोअरस्कोपची तपासणी करायलाच हवी, आणि ती नेमकी कशी करायची हे गॅरेजला आधी सांगावं. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला की भिंतीचा वरचा भाग दिसतो आणि मेकॅनिक ‘सगळं स्वच्छ’ म्हणून मोकळा होतो. चरे पडतात ते बहुधा खालच्या भागात. म्हणून ऑइल काढून, खालचं चेंबर उतरवून, पिस्टन वर नेऊन खालच्या बाजूने बघायला लावा, विशेषतः सहावा. चेंबर उतरलेलंच असतं, तेव्हा तळाला साचलेला गाळ बोटाने चाचपून घ्या. त्यात कचकच लागली किंवा प्लास्टिकचे तपकिरी तुकडे दिसले, तर तुकडे बहुधा चेन गाइडचे असतात. तपासणीनंतर नवं ऑइल भरावं लागतं, साधारण आठ लिटर. तो खर्च कोणाचा, हे आधी ठरवून घ्यावं. विकणारा खालून बघायला परवानगी देत नसेल, तर गाडी सोडून द्यावी.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरला, त्याबद्दल. वरच्या सगळ्या तपासण्यांतून पार झालेली ९९७.१ सुद्धा रोज सकाळी तुम्हाला परीक्षेला बसवते. किल्ली फिरवली की गाण्याआधी कान टिकटिक शोधतो. गॅरेजमधून बाहेर काढताना मागे वळून टेलपाइप बघायची सवय लागते. ऑइल तपासायला ९९७ मध्ये दांडी नाही, फक्त स्क्रीनवरची पट्टी आहे, आणि ती एक घर उतरली की मन हिशेब करायला लागतं: परवा गाडी चढावर उभी होती म्हणून, की खरंच पीत आहे? यातलं बहुतेक वेळा काही निघत नाही. पण इतकी वर्षं हवीशी वाटलेली गाडी दारात असताना तिच्या आवाजात दोष शोधत बसणं मला जड वाटतं. कोणाला हे मुळीच बोचणार नाही, आणि त्यांच्यासाठी ९९७.१ हा खरोखर चांगला सौदा आहे. तिचं इंजिन अ‍ॅक्सिलरेटरला जरा सैलपणे, पण जास्त यांत्रिक आवाजात उत्तर देतं. आतली बटणं जुनी असली तरी साधी आहेत. किंमतही कमी.

एक अपवाद मी जीव तोडून सांगेन. कोणी ९९७.१ चं इंजिन उघडून सहाही सिलिंडरांत निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) कठीण लेप असलेले नवे स्लीव्ह, म्हणजे आतल्या भिंतीच्या नळ्या, बसवले असतील आणि त्याची बिलं असतील, तर त्या गाडीला ९९७.२ इतकीच किंमत देण्यात चूक नाही. मूळ इंजिनापेक्षा ते इंजिन जास्त भरवशाचं असतं. बिल बारकाईने वाचा. ‘इंजिन ओव्हरहॉल’ एवढाच शेरा काही सांगत नाही. एकाच सिलिंडरला स्लीव्ह घातलेला असेल तर उरलेले पाच जुनेच आहेत. पिस्टन, रिंग, चेन गाइड, आयएमएस बेअरिंग आणि वॉटर पंप बदलल्याची वेगवेगळी नोंद हवी.

९९७.२ चा ब्लॉक अल्युसिलचा, म्हणजे सिलिकॉनयुक्त मिश्रधातू पूर्ण ब्लॉकभर. तिथेही चरे पडल्याची प्रकरणं ऐकायला मिळतात, पण फार कमी. म्हणून टेलपाइपमधलं फडकं इथेही फिरवाच. तिच्या स्वतःच्या दुखण्यांपैकी सुरुवातीच्या गाड्यांत उच्च दाबाचा पेट्रोल पंप कमजोर होतो. थंड असताना स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरला, किंवा जोरात ओढताना मधेच दम तुटला, तर पंपावर संशय घ्या. पीडीके, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असेल तर तो पूर्ण गरम होईपर्यंत, निदान अर्धा तास चालवा. मॅन्युअल मोडमध्ये सातही गिअर एकेक करून वर आणि खाली घ्या, मग उभ्या गाडीत रिव्हर्स आणि ड्राइव्ह आळीपाळीने टाकून बघा. आतले सेन्सर गरम झाल्यावरच बिघाड दाखवतात, आणि ते गिअरबॉक्सच्या पोटात असल्यामुळे दुरुस्तीचं काम मोठं निघतं. क्लचचं ऑइल साधारण ९०,००० किलोमीटरला बदललेलं असावं. पीडीकेच्या स्टिअरिंगवरची सरकती बटणं, पुढून ढकललं की वरचा गिअर आणि मागून ओढलं की खालचा, बोटांना कधीच सवयीची होत नाहीत. खरे पॅडल असलेलं स्टिअरिंग त्या काळात वेगळा पैसा मोजून मिळायचं. ते असलेली गाडी मिळाली तर उत्तम.

तरी पीडीके हा ९९७.२ च्या बाजूचाच मुद्दा आहे. ज्यांना क्लच नको, त्यांना ९९७.१ मध्ये पाच गिअरची टिपट्रॉनिक मिळते आणि ती ऑटोमॅटिक गाडीचा अर्धा स्वभाव गिळून टाकते. मॅन्युअल हवी असेल तर दोघी जवळजवळ बरोबरीत आहेत. फक्त क्लचचं पेडल दाबून बघा: नको इतकं जड लागलं, तर क्लचप्लेट संपत आली आहे.

उरलेलं दोघींनाही लागू आहे. पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत टॉर्च मारून बघा. तिथे ओली पानं साचून एसीचे कंडेन्सर आणि त्यामागचे रेडिएटर कुजतात. बंपर उतरवून सफाई केल्याची नोंद नसेल तर किमतीत तेवढी सूट मागा. इंजिन सुरू असताना ऑइलचं झाकण उघडा. हलकी ओढ असावी. झाकण उचलायला जोर लागला तर ऑइल सेपरेटर गेला आहे. दरवाजाचं हँडल ओढल्यावर काच थोडी खाली सरकली नाही, तर लॉकमधला मायक्रोस्विच. खड्ड्यावर पुढून टकटक आली, तर कंट्रोल आर्म. मागच्या टायरची आतली कड हात घालून चाचपा, बाहेरून टायर नवा दिसला तरी आत तारा निघालेल्या असतात. मॅन्युअल गाडीत स्कॅनर लावून ओव्हर-रेव्हच्या, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याच्या, नोंदी काढाव्यात. वरच्या टप्प्यांतल्या नोंदी म्हणजे कोणीतरी वेगात चुकून खालचा गिअर टाकलेला आहे. त्याच स्कॅनरवर इंजिन चाललेले एकूण तासही दिसतात. किलोमीटरला त्या तासांनी भागून सरासरी वेग काढा. तो अशक्य वाटला तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

दोन्हींच्या किमतीतला फरक मोठा वाटतो, आणि तो वाचवण्याचा मोह कळण्यासारखा आहे. पण ९९७.१ चं इंजिन एकदा जरी उघडावं लागलं, तर तो फरक वापरला गेला असं समजा, आणि वर गाडी कित्येक महिने गॅरेजमध्ये. म्हणून ज्याला एकच ९११ घ्यायची आहे आणि ती वर्षानुवर्षं ठेवायची आहे, त्याने शक्यतो ९९७.२ साठी थांबावं. त्यातही मी एसच्या मागे लागणार नाही. साधी ३.६ कॅरेरा, सहा गिअरची मॅन्युअल, काही जणांना कमी वाटेल. रोजच्या रस्त्यावर तिची ताकद पूर्ण वापरता येते, आणि ती सहसा शांत हातांतून आलेली असते.

२००८ आणि २००९ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांची जाहिरात वाचताना सावध राहा. त्या काळात दोन्ही गाड्या शोरूममधून बाहेर पडत होत्या, आणि विकणाऱ्यांनाही कधी कधी आपली कोणती ते माहीत नसतं. चासी नंबरमधलं दहावं अक्षर बघावं: कॅरेरामध्ये तिथे ८ असेल तर ती ९९७.१, ९ असेल तर ९९७.२. गाडी बघायला निघण्याआधी त्या नंबरच्या प्लेटचा फोटो मागवून घ्या.