मेलो-कापितेल्लो की नीनो? कॉर्सिकातल्या एका मोकळ्या दिवसासाठी

कोर्ते गावात मुक्काम आहे, डोंगरातल्या तळ्यांसाठी एकच दिवस हाताशी आहे, मग कुठे जाऊ? कॉर्सिकाला, भूमध्य समुद्रातल्या या फ्रेंच बेटावर निघालेली ओळखीतली ट्रेकर मंडळी मला हे हमखास विचारतात. बेटावर हिमनद्यांनी कोरलेली तळी चाळीसेक आहेत, पण सकाळी निघून रात्री गावात जेवायला परत यायचं म्हटलं की निवड बहुतेक दोन वाटांवर येऊन ठेपते. एक रेस्तोनिकाच्या खोऱ्यातून मेलो आणि त्याच्या वरच्या कापितेल्लोची, दुसरी निओलू भागातून नीनोची. मी दोन्ही केल्या आहेत, मेलोची तर लागोपाठ दोन दिवस. माझं मन कुठे ओढ घेतं ते लपणार नाही, तरी दोन्ही बाजू जमेल तितक्या सरळ मांडतो.

रूपाचं म्हणाल तर कापितेल्लोला तोड नाही. मेलो १७११ मीटरवर, कापितेल्लो १९३० वर, आणि दोन्ही एकाच खोऱ्यात वरखाली. कापितेल्लोच्या मागे काळपट ग्रॅनाइटची भिंत थेट पाण्यातून उठते. तळं चाळीस मीटरांहून खोल आहे आणि वर्षातले सातआठ महिने गोठलेलं असतं. जूनमध्येही कडेला बर्फाच्या लाद्या तरंगताना दिसू शकतात. रस्ता संपतो तिथून, म्हणजे ग्रोतेलच्या धनगरवाड्यापासून, मेलोला तासभर आणि पुढे कापितेल्लोला आणखी पाऊण-एक तास. एवढ्या थोड्या चढाईत एवढं भव्य काही दिसणं विरळाच. सह्याद्रीत पाय तयार झालेल्या माणसाला हा चढ जड जाणार नाही.

माझं गाडं अडलं ते साखळ्यांपाशी. मेलोच्या जरा खाली कातळटप्पा लागतो. तिथे लोखंडी साखळ्या ठोकल्या आहेत, दोन ठिकाणी शिड्या आहेत. टप्पा तसा सोपा, कोरड्या खडकावर बुटाची पकड उत्तम बसते. पण ऑगस्टमधल्या दिवशी साडेनऊला निघालो आणि साखळीच्या तोंडाशी पोहोचलो तर समोर तीसचाळीस माणसं उभी. साखळी एक, वर जाणारे आणि खाली येणारे तिलाच धरून. वरचा थांबला की खालचा थांबतो, मध्येच कुणाचं तरी सातआठ वर्षांचं पोर घाबरून शिडीला बिलगतं आणि त्याचे वडील खालून शांतपणे एकेक पाऊल सांगत राहतात. त्यात कुणाचीच चूक नसते. हरिहरच्या पायऱ्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी होतं तेच इथे होतं. ज्या खडकावर आम्ही पाय रोवून उभे होतो तो इतक्या बुटांनी घासला गेला होता की उन्हात भांड्यासारखा चकाकत होता, आणि त्याच्या चकाकत्या पट्ट्याबाहेर पाय ठेवला की लगेच ग्रॅनाइटचा खरखरीतपणा जाणवायचा. पाऊण तास तिथे गेला. मेलोला पोहोचेपर्यंत मागच्या कड्यावर ढग चढायला लागले होते. कापितेल्लो तिथेच सोडलं आणि उलटे फिरलो, कारण पुढच्या चढावरही साखळीच्या जागा आहेत आणि विजा होत असताना ओल्या कातळावर लोखंड धरून रांगेत उभं राहायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. साखळीवर मी एकटा, कापितेल्लोवर जेमतेम चारपाच माणसं, पाणी काळंशार आणि स्तब्ध. तो तास मी विसरणार नाही. पण उतरताना पुन्हा तीच रांग, यावेळी ती वर येत होती आणि मी वर अडकलो होतो. डोंगरात माझी गती माझ्या हातात राहत नाही, ही एकच गोष्ट मला सहन होत नाही. भीती नाही वाटली, दमणूकही नाही, नुसतं अडकून पडणं खुपलं. साखळी टाळणारी एक वाट ओढ्यापलीकडून मेलोला जाते, थोडी लांब पण मोकळी, ती मला नंतर समजली. तुम्ही गेलात तर तीच धरा. मात्र कापितेल्लोच्या टप्प्यावरच्या गर्दीचं तिने काही होत नाही.

आता नीनो. कोर्तेहून कालाकुच्चा गावाकडे जाताना स्काला दि सांता रेजिनाची लाल दगडाची घळ लागते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि मध्ये अरुंद रस्ता, तेव्हा घाई करू नका. पोपाग्याच्या वनचौकीपासून पायवाट सुरू होते आणि पिवळ्या खुणांनी वर नेते. चौकी साधारण १०७५ मीटरवर, तळ्याआधीची खिंड १७६२ वर. म्हणजे जवळपास सातशे मीटरचा निव्वळ चढ, कापितेल्लोपेक्षा बराच जास्त. मला वर जायला अडीच तास लागले. मी भरभर चालणारा नाही, त्यामुळे हा आकडा बहुतेकांना लागू पडावा.

पहिला टप्पा वाल्दु-निएल्लुच्या जंगलातून आहे. लारिचिओ पाइनची सरळसोट झाडं, काही कित्येक शतकांची, खाली सुयांचा मऊ थर आणि बाजूला कोल्गाचा ओढा. सावली भरपूर. मग जंगल संपतं, कोल्गाचे धनगरवाडे लागतात, आणि तिथून खरी परीक्षा. वाट धोंड्यांमधून अंगावर येते. एकदोनदा हात टेकावे लागले, लगोरीसारखे रचलेले दगड शोधत जावं लागलं. पण साखळी नाही, शिडी नाही. पुढच्याला ओलांडायचं तर बाजूच्या धोंड्यावरून ओलांडता येतं. दम लागला तर बसता येतं, मागे कुणी खोळंबत नाही.

वर स्तात्सोनाची खिंड. स्तात्सोना म्हणजे लोहाराची भट्टी. सैतान इथे नांगर घडवायचा, नांगरताना त्याचा तास वाकडा गेला म्हणून संत मार्टिन हसले, चिडलेल्या सैतानाने फाळ भिरकावला आणि तो समोरच्या कापु ताफुनातु डोंगराला आरपार भोक पाडून गेला, अशी तिथली कथा. त्या डोंगराला भोक खरंच आहे. सैतानाचे बैल दगड झाले आणि खिंडीत पडून राहिले म्हणतात, आणि तिथले धोंडे पाहून ते पटतंही.

खिंड ओलांडली आणि मी थबकलो. एवढा खडक तुडवून आल्यावर समोर हिरवं सपाट मैदान आणि त्यात नीनो. कडे नाहीत, भिंती नाहीत, सगळीकडे आभाळ. ताविन्यानो नदी इथूनच निघते आणि हीच पुढे कोर्तेजवळून वाहते. तळ्याभोवती पोत्सी आहेत, गवताच्या जाड गादीत पाण्याची गोल भोकं. मी एका भोकाशी पालथा पडून हात घातला. भोक ताटाएवढं, पण कोपर बुडलं तरी तळ लागेना, आणि आतून कडेची मुळं नमद्यासारखी दाबली जात होती. पाणी बर्फगार. चारपाच घोडी पिल्लांसह चरत होती, धनगरांची मोकळी सोडलेली, आणि माझ्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. ही गादी फार नाजूक असते, तेव्हा वाटेवरूनच चाला आणि तंबूचा विचारही करू नका. हा भाग निसर्ग उद्यानात येतो आणि तिथे ट्रेकरांच्या आश्रयगृहांच्या आवाराबाहेर मुक्काम करायला मनाईच आहे.

नीनोचे तोटेही सांगायला हवेत. कापितेल्लोची ती छाती दडपणारी भव्यता इथे नाही, कुणाला नीनो सपक वाटलं तर मी वाद घालणार नाही. स्वतःची गाडी नसेल तर पोपाग्या गाठणं अवघड. पठारावर धुकं उतरलं की दिशा हरवते, वाऱ्याला आडोसा नाही. आणि जीआर २० ही बेट पार करणारी मोठी वाट तळ्याकाठून जाते, त्यामुळे दुपारी अगदी एकांत मिळेल असंही नाही. माणसं मात्र मैदानभर पांगतात, एका दोरीत ओवली जात नाहीत.

हवामानाच्या बाबतीत दोन्हीकडे सारखंच जपायला लागतं. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळं उठतात, पण दुपारपर्यंत तरी निर्धास्त, असं समजू नका. १८ ऑगस्ट २०२२ ला सकाळीच बेटावर वादळ आलं, वारा ताशी २२० किलोमीटरच्या पुढे गेला आणि माणसं दगावली. मी आदल्या रात्री मेतेओ फ्रान्सचा अंदाज पाहिल्याशिवाय सॅक भरत नाही. रेस्तोनिकाला जाणार असाल तर रस्ता कुठपर्यंत खुला आहे तेही कोर्तेतच विचारून घ्या, ते खोरं पुराच्या माऱ्यात असतं.

तेव्हा जून संपताना किंवा सप्टेंबरमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी जाणार असाल, पहाटे उठायची तयारी असेल आणि वेळ खरोखर अर्ध्या दिवसाचाच असेल, तर मेलो-कापितेल्लो कराच, पस्तावणार नाही. लहान मुलं बरोबर असतील तर साखळी टाळून फक्त मेलो. पण दिवस सबंध आहे, महिना जुलै-ऑगस्टचा आहे आणि पायात सातशे मीटर आहेत, तर मी नीनोच म्हणेन. दोन दिवस असतील तर आणखी एक जोडणी आहे: नीनोवरून पुढे मांगानुच्या आश्रयगृहात रात्र काढायची, जागा आधी राखून, आणि सकाळी कापितेल्लोच्या खिंडीवर, २२२५ मीटरवर, चढायचं. तिथून दोन्ही तळी वरून एकाखाली एक दिसतात म्हणतात. वाट कठीण आहे, उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फही असतो. ती मी अजून केलेली नाही, पुढच्या सप्टेंबरसाठी राखून ठेवली आहे.