सँटोरिनी की नॅक्सोस?

ग्रीसमध्ये चारच रात्री हातात असतील तर कुठलं बेट? फोटोंतले निळे घुमट आणि पांढऱ्या भिंती सँटोरिनीच्या ईया गावातल्या. ज्वालामुखीच्या कड्याला चिकटलेलं हे गाव, खाली खोल समुद्र. देखावा तोंडात बोट घालायला लावतो, पण सूर्यास्ताला गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, खोल्यांचे भाव डोळे पांढरे करतात. किनारे काळ्या वाळूचे. दुपारी अनवाणी चाललात तर तळवे भाजतात. राखेखाली गाडलं गेलेलं अक्रोतिरी हे प्राचीन शहर मात्र चुकवू नये. आणि तिथला फावा! पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच ते, वर ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा.

नॅक्सोस सिक्लाडीज या बेटसमूहातलं सगळ्यात मोठं बेट. बंदरात शिरतानाच अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट दिसते. प्लाका किनाऱ्याला लांबच लांब वाळू, आगिओस गेओर्गिओस किनाऱ्याला पोरांना डुंबायला उथळ पाणी. बटाटे, ग्राविएरा चीज बेटावरचंच. खर्चही कमी.

मी तीन रात्री नॅक्सोसला देईन, एक सँटोरिनीला. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी वारा सुटला की फेरीबोटी रद्द होतात, तेव्हा परतीच्या विमानाच्या दिवशीच बेट सोडायचा बेत करू नका.