फिरत्या अवकाश वसाहतींचा मॉडेल सेट: आकार मस्त, मापाचा मात्र घोळ

चवथीच्या सुट्टीत भाचा डिचोलीला यायचा होता म्हणून हा सेट ऑनलाइन मागवला, 2,400 रुपयांना पडला. आत अवकाशात माणसांनी राहावं म्हणून कागदावर मांडलेल्या वसाहतींची चार मॉडेलं आहेत, बर्नल गोल, स्टॅनफर्ड टोरस (पोकळ चाक), भौतिकशास्त्रज्ञ ओनीलचा लांब सिलिंडर आणि कल्पना वन, आणि सगळी एकाच मोटरच्या बेसवर बसतात. अशी वसाहत स्वतःभोवती फिरवली की आतली माणसं बाहेरच्या भिंतीकडे दाबली जातात, तेच तिथलं गुरुत्व. बेसला पंख्यासारखा रेग्युलेटर आहे आणि आडवा-उभा करता येतो. मी आठवी-नववीच्या मुलांची शिकवणी घेते त्यामुळे दोन महिने रोजच्या वापरात आहे, एकदा फिरवून कपाटात ठेवलेलं नाही.

आधी चांगलं सांगते. पारदर्शक प्लास्टिक आहे आणि प्रत्येकाला छोटं झाकण, त्यातून आत काहीतरी टाकता येतं. आम्ही मोहरी टाकली. गोल फिरवला तर सगळी मोहरी धावत मधल्या पट्ट्यावर जाऊन बसली, वर खाली एक दाणा राहिला नाही. भाचा म्हणाला मावशी मग बाकीचा गोल कशाला केलाय? नेमका हाच प्रश्न आहे. गोलात पूर्ण गुरुत्व फक्त विषुववृत्तापाशी मिळतं, ध्रुवाकडे सरकाल तसं कमी होत जातं आणि जमीनही उतरती लागते. हवेचा दाब झेलायला गोल सगळ्यात भक्कम, पण राहायला सपाट जागा त्या मानाने थोडी. टोरसमध्ये मोहरी बाहेरच्या भिंतीला छान एकसारखी पसरली, सिलिंडर आडवा करून जोरात फिरवला तर सगळीकडून चिकटून राहिली, स्पीड कमी केला की वरची आधी टपटप पडली. इतकं साफ दिसतं की फळ्यावर काढून सांगायची गरजच राहत नाही.

टोरसला बाहेरून एक राखाडी कडं दिलंय जे फिरत नाही, आतलं चाक तेवढं फिरतं. बनवणाऱ्यांनी अभ्यास केलाय हे इथे कळतं. 1975 मध्ये नासाच्या उन्हाळी अभ्यासात हा टोरस मांडला गेला, 10,000 माणसांसाठी, आणि किरणोत्सर्ग अडवायला चंद्रावरच्या मातीचं जवळपास 1 कोटी टनांचं कवच. एवढं वजन चाकासोबत फिरवलं तर चाकावरच ताण येणार म्हणून ते वेगळं आणि स्थिर ठेवलं.

आता माझी मुख्य तक्रार. चारही मॉडेलं हातात मावतील अशी साधारण एकाच मापाची केलीत आणि माहितीच्या कागदावर मापाबद्दल एक ओळ नाही. मुलांना वाटतं गोल घ्या नाहीतर चाक घ्या, आवडेल तो आकार निवडायचा. पण इथे आकाराच्या आधी माप ठरतं, कारण किती वेगाने फिरवायचं ते त्रिज्येवर आहे. 1 जी साठी, म्हणजे पृथ्वीइतक्या गुरुत्वासाठी, त्रिज्या 56 मीटर असेल तर मिनिटाला 4 फेरे लागतात, 224 मीटरला 2 आणि 895 ला 1. म्हणजे फेरे निम्मे करायचे तर त्रिज्या चौपट. जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसून मान पटकन वळवली की कसं गरगरतं ते आठवा, फेरे जास्त असले तर तसंच तिथे होणार, आणि तिथे तर माणसाला कायम राहायचंय. म्हणूनच टोरसचा व्यास 1790 मीटर ठेवला, मिनिटाला एकच फेरा. त्याचा घेर 5.6 किलोमीटर होतो, म्हणजे आपला मांडवीवरचा अटल सेतू वाकवून टोकं जोडली तर त्याहून जरा मोठाच.

मग मी आणि भाच्याने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर खरं माप लावलं. सेटमधल्या सिलिंडरचा व्यास 8 सेंटीमीटर आहे, ओनीलच्या खऱ्या आराखड्यात 8 किलोमीटर, म्हणजे एकास एक लाख. त्या हिशोबाने टोरस 1.8 सेंटीमीटरचा होतो, माझी अंगठी काढून ठेवली, आणि 500 मीटरचा बर्नल गोल म्हणजे मिरीचा एक दाणा! पोरगं किती वेळ त्या मिरीकडे आणि सिलिंडरकडे बघत होतं. रेग्युलेटरवर मिनिटाला 150 फेऱ्यांच्या जवळपास मोहरी वरून पडायची थांबते, खऱ्या सिलिंडरला त्याच गुरुत्वासाठी तासाला फक्त 28 फेरे लागतात, दोन्हीकडे सूत्र तेच.

सिलिंडरची लांबीही चुकलीय. 32 किलोमीटर म्हणजे पणजी ते मडगाव, त्या मापाने मॉडेल 32 सेंटीमीटर हवं, आलंय 16. बॉक्समध्ये बसावं म्हणून कापलं असेल, पण मग तसं लिहा ना. शिवाय एकच दिलाय. ओनीलचे सिलिंडर जोडीने असतात, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे, म्हणजे दोघांचा मिळून फिरण्याचा जोर शून्य आणि सूर्याकडे तोंड धरून ठेवता येतं. एकट्या लांब सिलिंडरचा त्रास बघायचा तर तो टोकाला दोरा बांधून लटकवा आणि दोरा जोरात फिरवा, थोड्या वेळाने तो उचलून आडवा होतो आणि काठीसारखा फिरायला लागतो. 1958 च्या एक्सप्लोरर 1 उपग्रहाचं असंच झालं होतं, लांबट होता, स्वतःभोवती फिरता फिरता कोलांट्या मारायला लागला.

हे सगळं ध्यानात ठेवून केलेलं डिझाइन म्हणजे कल्पना वन, आपल्या कल्पना चावलाचं नाव दिलेलं, आणि सेटमधलं सगळ्यात चांगलं मॉडेलही तेच. त्रिज्या 250 मीटर, लांबी मुद्दाम 325 मीटरच, म्हणजे बुटका डबा, त्यामुळे कोलांटीची भीती नाही. मिनिटाला साधारण 2 फेरे, माणसं 3,000. टोरसपेक्षा फेरे जास्त पण बांधायला कितीतरी लहान, आणि पहिलं घर बांधायचंच तर हेच बांधावं असं मला मनापासून वाटतं. दोऱ्याला बांधून फिरवलं तेव्हा ते डगमगलंही नाही.

शाळांनी, क्लासवाल्यांनी जरूर घ्यावा, नुसतं शोकेसला ठेवायचं असेल तर एवढे पैसे घालू नका. मोटर चार पेन्सिल सेलवर चालते आणि सेल पटकन संपतात तेव्हा चार्जिंगचे घ्या, आणि झाकणं घट्ट दाबा, आमची मोहरी एकदा हॉलभर झाली होती. मापाचा कागद आणि दुसरा सिलिंडर द्या म्हणून कंपनीला मेल टाकलाय, उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.